आग आणि पाणी, एकाच आभाळात

पश्चिम आशियात काही पेटलं की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एकजण बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ४५व्या अध्यायातल्या सातव्या ओळीचा स्क्रीनशॉट टाकतो, ज्यात देव स्वतःच म्हणतो की मी प्रकाश घडवतो आणि अंधार निर्माण करतो, मी शांती करतो आणि वाईटही निर्माण करतो, आणि खाली लिहितो की ज्यांचा देवच असं बोलतो त्यांच्याकडून शांतीची काय अपेक्षा करता. मग दुसरा कोणीतरी, मनानं चांगला माणूस, समजूत घालायला येतो की अहो तसं नाहीये, शालोम म्हणजे शांतीच, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, भांडू नका. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी घरात वाढले, लहानपणापासून ही वाक्यं हिब्रूत ऐकली आणि त्यांचे अर्थ मराठीत विचारले, त्यामुळे दरवेळी वाटतं की दोघांनाही थांबवावं. पहिल्यानं ती ओळ कुणाला उद्देशून आहे हे बघितलं नाहीये, आणि दुसऱ्यानं शालोम या शब्दाला इतकं गुळगुळीत करून टाकलंय की त्यात काही उरतच नाही. माझं म्हणणं असं आहे की यहुदी विचारात शांती म्हणजे विरोध संपणं नाही आणि दोन टोकांच्या बरोब्बर मधे जाऊन बसणंही नाही. एकमेकांना संपवू शकतील अशा दोन गोष्टी, दोन्ही आपापल्या जागी पूर्ण असताना, एकाच कामाला जुंपल्या जाणं, याला शालोम म्हणतात. आणि हे भांडू नका म्हणण्यापेक्षा फार अवघड आहे.

आधी त्या ओळीचंच बघू. हा अध्याय सुरू होतो कोरेश राजाच्या नावानं, म्हणजे ज्या इराणी राजानं इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिलोन घेतलं आणि यहुद्यांना घरी परतायची वाट मोकळी केली तो. इराणकडच्या त्या जगात प्रकाशाची एक शक्ती आणि अंधाराची दुसरी, दोघींचं कायमचं युद्ध, असा विचार होता, आणि यशया त्यालाच उत्तर देतोय असं बरेच अभ्यासक मानतात. उत्तर काय, तर दोन मालक नाहीयेत. एकच आहे. आता हे नीट बघा की त्या ओळीत प्रकाशाच्या समोर अंधार आहे, पण वाइटाच्या समोर चांगलं हा शब्द नाहीये, शालोम हा शब्द आहे. म्हणजे वाईट काय, तर जे तुटलेलं आहे, सुटं पडलंय ते. शालोमचं मूळ शालेम, म्हणजे अख्खं, पुरं. त्याच मुळातून लेशालेम येतं, म्हणजे पैसे चुकते करणं, आजही इस्रायलमध्ये दुकानात बिल देताना हाच शब्द वापरतात. निर्गम पुस्तकात चोरानं किंवा नुकसान करणाऱ्यानं भरपाई द्यावी असा कायदा आहे तिथेही हाच शब्द. आणि ज्या डोळ्याला डोळा या वाक्यावरून आमच्या धर्माला सूडाचा धर्म म्हणतात ना, त्याचा अर्थ तालमूदनं, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) वादचर्चांच्या मोठ्या संग्रहानं, बावा कामा या ग्रंथात पानंच्या पानं वाद घालून पैशातली भरपाई असाच लावलाय. तेव्हा ज्या भाषेत शांती आणि देणं फेडणं हे एकाच मुळातून येतं त्या भाषेत हिशोब न करता झालेल्या शांतीला शालोम म्हणायचं कसं?

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या सिनेगॉगचं नाव शाआर हाशामाईम, आभाळाचा दरवाजा, १८७९ची इमारत. शामाईम म्हणजे आभाळ. तालमूदमध्ये हगीगा ग्रंथात या शब्दाची फोड केलीय, एश म्हणजे आग आणि माईम म्हणजे पाणी, देवानं दोन्ही घेतलं, एकात एक मिसळलं आणि त्याचं आभाळ केलं. भाषाशास्त्र म्हणून ही फोड टिकणार नाही, पण त्यांना काय सांगायचं होतं ते स्पष्ट आहे. आग पाण्याची वाफ करून टाकू शकते, पाणी आगीला विझवू शकतं, आणि डोक्यावरचं छप्पर या दोघांचंच बनलंय. मिद्राशमध्ये म्हणजे जुन्या रब्बींच्या कथा-भाष्यांत असंही येतं की मिखाएल हा देवदूत बर्फाचा आणि गाब्रिएल आगीचा, आणि शेजारी उभे राहूनही एकमेकांना इजा करत नाहीत. मिसरवर, म्हणजे इजिप्तवर, देवानं धाडलेलं सातवं संकट आलं ते गारांचं, आणि त्या गारांच्या आत आग होती, राशी हा अकराव्या शतकातला भाष्यकार म्हणतो की आपल्या कर्त्याचं काम करण्यासाठी त्या दोघांनी आपसात शालोम केला. बारकाईनं बघितलं तर इथे आग कोमट झालेली नाहीये आणि गार वितळलेली नाहीये. समतोल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर थोडं इकडचं थोडं तिकडचं असं कोमट पाणी येतं, आणि खरं सांगायचं तर मिद्राशमध्ये तसाही एक दाखला आहे, राजाकडे नाजूक पेले होते, नुसतं गरम ओतलं तर फुटतील, नुसतं थंड ओतलं तरी तडकतील, म्हणून त्यानं दोन्ही मिसळून ओतलं, तसंच देवानं जग नुसत्या न्यायानं किंवा नुसत्या दयेनं न करता दोन्हींनी केलं. पण या दाखल्यातही काळजी कुणाची आहे, तर पेल्याची. फुटू नये म्हणून.

सृष्टीच्या गोष्टीत रोज संध्याकाळी देव बघतो आणि चांगलं आहे म्हणतो. फक्त दुसऱ्या दिवशी म्हणत नाही. त्या दिवशी वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं केलं होतं, आणि एक रब्बी म्हणतो की त्या दिवशी जगात पहिल्यांदा फूट आली म्हणून चांगलं हा शब्द आला नाही. दुसरा म्हणतो तसं नाही, पाण्याचं काम त्या दिवशी अर्धंच राहिलं होतं म्हणून आला नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारपासून मोजलं तर मंगळवारी, ते काम पुरं झालं, जमीन वर आली, आणि चांगलं हे दोनदा म्हटलं गेलं, त्यामुळे आजही पुष्कळ यहुदी घरांत लग्नाला मंगळवार शुभ मानतात. मला दोन्ही उत्तरं एकत्र वाचायला आवडतात. वेगळं करणं दुखतं, म्हणून त्याचं कौतुक नाही, पण ते वेगळं केल्याशिवाय पाय ठेवायला जमीनही मिळत नाही. दर शनिवारी रात्री शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपताना हावदालाची म्हणजे वेगळं करण्याची प्रार्थना होते तेव्हा देवाचं नावच घेतलं जातं ते पवित्र आणि रोजचं, प्रकाश आणि अंधार यांना वेगळं करणारा म्हणून, आणि ते म्हणताना हातात असते अनेक वातींची एकत्र वळलेली मेणबत्ती.

आणि माणसाच्या आतलं काय? सहाव्या दिवशी फार चांगलं असं येतं, आणि रब्बी विचारतात हे फार कशासाठी, तर उत्तर देतात की ते येत्सेर हारा, म्हणजे माणसातल्या वाईट ओढीसाठी, कारण ती नसती तर कुणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, धंदा केला नसता. योमा ग्रंथात तर गोष्टच आहे की लोकांनी या ओढीला पकडून तीन दिवस कोंडून ठेवलं, आणि तेवढ्यात कुणा आजाऱ्यासाठी ताजं अंडं हवं होतं तर साऱ्या देशात एक मिळालं नाही. कोंबड्यासुद्धा थांबल्या होत्या. शेवटी तिचे डोळे अधू करून तिला सोडून दिलं. जग नुसतं शुद्ध करायला निघालेल्या प्रत्येकाला ही गोष्ट वाचायला द्यावी असं मला फार वाटतं.

आता विरोधात जे बोललं जातं त्यातलं सगळ्यात जड आधी घेते. विरोधी शक्तींचं संतुलन वगैरे बोलायला ठीक, पण ऑशविट्झसारख्या छळछावण्यांचं काय? नाझींनी साठ लाख यहुदी मारल्यावर वाईट हाही योजनेचा भाग आहे हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. जो कुणी मेलेल्या मुलाच्या आईला समतोल समजावायला जाईल त्याच्याशी मला बोलायचं नाहीये. पण हे मला बाहेरच्या कुणी शिकवलेलं नाही, हे ईयोबच्या पुस्तकात आहे. ईयोबचं सगळं गेलं, मुलं गेली, आणि मित्र येऊन त्याला समजावत बसले की देव न्यायी आहे, काहीतरी कारण असणार. शेवटी देव कुणावर रागावतो? ओरडणाऱ्या ईयोबवर नाही, देवाची बाजू घेणाऱ्या त्या मित्रांवर, की तुम्ही माझ्याबद्दल खरं बोलला नाहीत. आणि आता एक गोष्ट जी मला समजली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. ओसे शालोम बिमरोमाव, तो आपल्या उंच स्थानी शांती करतो, हे शब्द आमच्या प्रत्येक मोठ्या प्रार्थनेच्या शेवटी येतात, मेलेल्यांसाठी म्हणतात त्या कद्दिशच्याही शेवटी येतात. हे शब्द मुळात कुणाचे? बिल्दादचे, म्हणजे त्याच खोडून काढलेल्या मित्रांपैकी एकाचे. त्यानं ते ईयोबला गप्प करायला वापरले होते, वर सगळं ठीक आहे, तू कोण विचारणारा. प्रार्थना करणाऱ्यांनी तेच वाक्य घेतलं आणि पुढे जोडलं, तो आमच्यावरही शांती करो. खुलासा होता त्याची मागणी झाली. वर शांती आहे हे कबूल, पण खाली नाहीये, आणि ती आम्हाला हवी आहे. यशयाच्या त्या ओळीचंही असंच झालं, सकाळच्या प्रार्थनेत ती घेताना वाईट निर्माण करतो हे बदलून सगळं निर्माण करतो असं केलं, तालमूद सरळ सांगतो की बोलायला बरं म्हणून. सिद्धांत सोडला नाही, पण रोज सकाळी माणसाच्या तोंडी काय द्यायचं याची लाज बाळगली. स्क्रीनशॉटवाल्यांना हा बदल माहीतच नसतो.

दुसरा आक्षेप असा की संतुलन हा घाबरटांचा शब्द आहे, मारणारा आणि मार खाणारा दोघांनाही समजून घ्या म्हणणाऱ्यांचा. यातही तथ्य आहे, आणि हाही वाद तालमूदमध्ये दीड हजार वर्षांपूर्वी होऊन गेलाय. सान्हेद्रीन ग्रंथात प्रश्न येतो की न्यायाधीशानं तडजोड करावी का. एकजण म्हणतो अजिबात नाही, देवाचा कायदा आणणाऱ्या मोशेसारखं असावं, कायद्यानं डोंगर फोडला तरी चालेल. दुसरा म्हणतो की जिथे नुसता न्याय आहे तिथे शांती नाही, जिथे नुसती शांती आहे तिथे न्याय नाही, मग ज्यात दोन्ही आहेत असा न्याय कुठला, तर तडजोड, आणि मोशेचा भाऊ अहरोन तसा होता, घराघरांत जाऊन समेट करणारा. इथपर्यंत वाटतं की अहरोन जिंकला. पण तिथेच पुढे आठवण करून दिली जाते की लोकांनी पूजेसाठी मागितलेलं सोन्याचं वासरूही याच अहरोननं केलं होतं, त्यांना विरोध करणाऱ्या हूरला समोर मारलेलं बघून त्यानं हिशोब केला की मलाही मारलं तर यांचं पाप आणखी वाढेल, त्यापेक्षा वासरू परवडलं. म्हणजे शांतीप्रिय माणसाची सगळ्यात मोठी चूक शांतीच्याच नावानं झाली, आणि ती लपवलेली नाहीये. दुसऱ्या टोकाला अहरोनचाच नातू पिनहास आहे. त्यानं पाप करणाऱ्या दोघांना भाल्यानं मारलं, महामारी थांबली, आणि देवानं त्याला शांतीचा करार दिला. भाला चालवणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडते. पण तोराहच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, हातानं लिहिलेल्या गुंडाळीत या ठिकाणी शालोम शब्दातलं वाव हे अक्षर मधेच तोडून लिहायचं अशी परंपरा आहे, एरवी एक अक्षर तुटकं असलं तर अख्खी गुंडाळी बाद होते. भाल्यानं आलेली शांती लिहिली जाते, पण तुटकीच. आज गाझा आणि इस्रायलवर बोलताना दोन्ही बाजूंचे समर्थक आपापल्या पिनहासला घेऊन येतात, त्यांना ते तुटकं अक्षर दाखवावंसं वाटतं.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. कुणी म्हणेल की हिल्लेल आणि शम्माई या दोन जुन्या गुरूंच्या वादाचं कौतुक सांगता, तीन वर्षं दोन शाळा भांडत होत्या आणि आकाशवाणी झाली की हेही आणि तेही जिवंत देवाचेच शब्द आहेत, वाचायला छान आहे, पण प्रत्यक्षात काय झालं? प्रत्यक्षात फार वाईट झालं. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये नोंद आहे की एकदा शम्माईच्या शिष्यांनी हिल्लेलच्या शिष्यांना ठार मारलं. इ.स. ७०मध्ये रोमन सैन्यानं जेरुसलेम वेढलेलं असताना आतल्या गटांनी एकमेकांशी लढताना धान्याची कोठारं जाळली, आणि मंदिर पडलं ते कारण नसलेल्या द्वेषामुळे असं रब्बींनीच लिहून ठेवलं. मग ज्या समाजाला त्याच्या फाटाफुटीनं मातीत घातलं त्यानं वादाला इतकं डोक्यावर का घ्यावं? शहाणपण तर असं सांगेल की यापुढे एकच आवाज ठेवा. आणि इथेच मला त्या लोकांचं खरंच मोठेपण वाटतं, मंदिर गेलं, राज्य गेलं, आणि त्यांनी जो ग्रंथ रचायला घेतला त्यात हरलेल्यांची मतं नावानिशी ठेवली. निकाल हिल्लेलच्या बाजूनं का लागला याचं कारणही हुशारी नाहीये, ते नम्र होते आणि आपलं मत सांगण्याआधी शम्माईचं मत शिकवायचे, हे कारण दिलंय. लग्नाच्या कायद्यावरून दोन शाळांत टोकाचे मतभेद, एका शाळेनं वैध मानलेलं लग्न दुसरीला अवैध, तरी एकमेकांत सोयरिकी करणं थांबवलं नाही असं मिश्ना, म्हणजे तालमूद ज्यावर उभा आहे तो जुना कायदेसंग्रह, सांगतं. फौजदारीत तर नियमच सांगितलाय की जिवाच्या खटल्यात सगळेच्या सगळे न्यायाधीश दोषी म्हणाले तर आरोपीला सोडायचं. जिथे एकही विरोधी आवाज उठला नाही तिथे कुणी बाजू तपासलीच नाही, एवढा साधा विचार. म्हणजे ७०च्या विनाशातून त्यांनी घेतलेला धडा वाद बंद करा असा नव्हता. कोठार जाळणारा वाद आणि सोयरीक टिकवणारा वाद यातला फरक ओळखा, असा होता.

पंधराशे वर्षांनी हीच गोष्ट सफेद नावाच्या गावात परत सांगितली गेली. १४९२मध्ये स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांची पुढची पिढी गालीलच्या त्या डोंगरगावात होती, तिथे इत्झाक लुरिया १५७०मध्ये आला आणि १५७२मध्ये वारलाही, पण त्या दोन-अडीच वर्षांत त्यानं जे शिकवलं त्यामुळे काब्बाला, म्हणजे यहुद्यांची गूढविद्या, बदलून गेली. त्याचं म्हणणं, आधी एक जग झालं होतं ज्यात हेसेद म्हणजे भरभरून देणं आणि गेवुरा म्हणजे आवर घालणं अशा सगळ्या शक्ती सुट्या सुट्या उभ्या होत्या, दुसरीला आपल्यात जागा न देता, त्यांची पात्रं प्रकाश पेलू शकली नाहीत आणि फुटली. आपलं जग त्या तुकड्यांचं आहे. म्हणून आजही पेसाह सणाच्या दुसऱ्या रात्रीपासूनचे ४९ दिवस मोजताना एके दिवशी देण्यातला आवर, पुढे एके दिवशी आवरातलं देणं असं एकेक जोडी घेऊन मोजणारे लोक आहेत. देणं आणि आवर यांच्या मधल्या ओळीवर जे आहे त्याला रहमीम असंही म्हणतात, करुणा. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६मध्ये बांधलेलं पहिलं सिनेगॉग, शाआर हारहमीम, त्यातला रहमीम हाच.

आमच्या स्वतःच्या समाजाचं एक उदाहरण देते, कारण ते मराठी वाचकांना फारसं माहीत नसतं. कोकणातले शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे आम्ही इस्रायलला गेलो, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बिनेटनं, म्हणजे सरकारमान्य धर्मपीठानं, बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर यहुद्यांशी लावताना त्याच्या पिढ्या तपासाव्यात असे निर्देश काढले. नवा देश, चहूबाजूंनी शत्रू, अशा वेळी घरातलं भांडण बाहेर काढू नये असा सल्ला देणं सोपं होतं. लोकांनी ऐकलं नाही. १९६४मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, प्रकरण क्नेसेतपर्यंत, म्हणजे संसदेपर्यंत, गेलं, सरकारनं सांगितलं की हे इतरांच्या बरोबरीचे यहुदी आहेत, आणि निर्देशांतून समाजाचं नाव काढावं लागलं. ते गप्प बसले असते तर कागदावर शांतता होती, पण तुटकी. त्यांनी भांडून अख्खी मागितली. आणि महत्त्वाचं म्हणजे भांडताना ते सिनेगॉगमध्ये जायचे थांबले नाहीत, शब्बाथ सोडला नाही, मलिद्याचं ताट करून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेणं सोडलं नाही. हा एलियाहू, ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर आहे असं आमची माणसं मानतात, तो कशासाठी येणार यावरही मिश्नात वाद आहे, आणि तिथल्या शेवटच्या मतानुसार तो कुणाला जवळ करायला किंवा दूर करायला येणार नाही, जगात शालोम करायला येणार.

समजूत घालणाऱ्या त्या दुसऱ्या मित्राला, ज्याला खरंच वाटतं की वाद थांबले की शांती आली, मी तालमूदमधली रेश लकीश या रब्बीची गोष्ट सांगते. हा आधी दरोडेखोर होता, रब्बी योहाननं त्याला शिकवलं, बहीण दिली, आणि दोघं आयुष्यभर जोडीनं वाद घालत राहिले. एक दिवस वाद निघाला की तलवार, सुरी, भाला ही हत्यारं नेमकी कधी पुरी झाली असं धरायचं. दोघांचं जमेना, आणि योहान बोलून गेला की दरोडेखोराला दरोड्याचं कळणारच. त्या एका वाक्यानं वाद मुद्द्यावरून माणसावर गेला. रेश लकीश आजारी पडला आणि मेला. योहान खचला तेव्हा लोकांनी त्याच्या सोबतीला एलाझार बेन पेदात हा हुशार विद्वान पाठवला, आणि तो योहानच्या प्रत्येक वाक्यावर म्हणायचा, बरोबर आहे, याला आधारही आहे. योहान म्हणाला, मी बरोबर आहे हे मला माहीत नाही का? लकीशचा पोरगा माझ्या प्रत्येक गोष्टीवर २४ हरकती घ्यायचा, मी २४ उत्तरं द्यायचो, आणि त्यातून कायदा मोकळा व्हायचा. मग तो कपडे फाडत दारोदार फिरू लागला, कुठे आहेस रे लकीशच्या पोरा, कुठे आहेस, असं ओरडत, शुद्ध हरपेपर्यंत.